घरून ऑफिसच्या नेटवर्कला व्हीपीएनने जोडायचंय, सुरुवात कुठून करू?

सांजवात

नमस्कार. मी एका छोट्या ऑफिसचे हिशेब बघते. पाच संगणक आहेत. त्यातल्या एकावर सगळ्यांच्या फायलींचं सामायिक फोल्डर आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर आहे, बाकीचे चार त्यालाच जोडलेले. आईच्या ऑपरेशननंतर आठवड्यातले तीन दिवस मला घरून काम करावं लागतंय आणि ते पुढचे काही महिने तरी चालेल.

आधी एका ओळखीच्यांनी राउटरवर ३३८९ पोर्ट (बाहेरून आत यायचं क्रमांकाचं दार) उघडून दिला आणि मी रिमोट डेस्कटॉपने (दूरच्या संगणकाचा पडदा आपल्याकडे दाखवणारी विंडोजची सोय) थेट ऑफिसच्या संगणकावर जाऊ लागले. दोन दिवस छान चाललं. तिसऱ्या दिवशी माझं खातंच लॉक झालं. नोंदी उघडून पाहिल्या तर रात्रभर कुणीतरी वेगवेगळी नावं आणि पासवर्ड टाकून बघत होतं, शेकड्यांनी प्रयत्न. मी घाबरून पोर्ट बंद करायला लावला. मग 'व्हीपीएन वापर' असा सल्ला मिळाला म्हणून मोबाइलवर जाहिरात दिसते तसलं एक व्हीपीएन ॲप विकत घेतलं. ते सुरू होतं, पण त्यातून ऑफिसचा संगणक काही दिसत नाही.

मला नेटवर्कमधलं फारसं कळत नाही, पण पायरी पायरीने सांगितलंत तर मी करीन. घाई नाही, फक्त या वेळी नीट व्हायला हवं.

वायरमन

पोर्ट बंद केलात हे फार बरं केलंत. रिमोट डेस्कटॉप थेट इंटरनेटवर उघडा ठेवू नये. २०१९ च्या मे महिन्यात त्याच्यात 'ब्लूकीप' नावाची त्रुटी उघड झाली होती. जुन्या विंडोजवर तिच्यामुळे पासवर्ड माहीत नसतानाही बाहेरच्याला आत शिरता येत होतं. शिवाय नेटभर उघडे पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्राम अहोरात्र चालू असतात. तुमच्या ऑफिसवर कुणाचा खास डोळा होता असं नाही, पोर्ट उघडा सापडला एवढंच.

आता त्या ॲपचं. ती ॲप्स तुमची वाहतूक त्या कंपनीच्या सर्व्हरपर्यंत नेतात आणि तिथून पुढे इंटरनेटवर सोडतात. तुमचं ऑफिस त्या वाटेवर कुठेच नाही. तुम्हाला हवाय तो बोगदा, ज्याचं एक तोंड तुमच्या लॅपटॉपवर आणि दुसरं ऑफिसात आहे. तंत्र तेच, कामं वेगळी. ॲप काढून टाकलंत तरी चालेल, उलट दोन व्हीपीएन एकाच वेळी सुरू राहिले तर गोंधळच होतो.

सुरुवात करायच्या आधी तीन गोष्टी पाहून इथे लिहा.

ऑफिसच्या राउटरच्या पानावर स्थिती किंवा 'वॅन' असा भाग असतो, तिथला आयपी पत्ता (नेटवर्कवरचा क्रमांक) बघा. मग ऑफिसातल्याच संगणकावरून 'माझा आयपी काय' सांगणारी एखादी साइट उघडा. दोन्हीकडे आकडे तेच आहेत का? (पूर्ण पत्ता इथे लिहू नका, फक्त तेच की वेगळे एवढं सांगा.)

घरच्या आणि ऑफिसच्या संगणकांचे आतले पत्ते काय आहेत? कमांड विंडोत 'आयपीकॉन्फिग' टाइप केलं की दिसतात.

आणि नक्की काय करायचंय? फायली उघडायच्या, की हिशेबाचं सॉफ्टवेअर चालवायचं, की छपाईसुद्धा?

तिसरा मजला

एवढं कशाला? बऱ्याच राउटरमध्ये पीपीटीपी या व्हीपीएन पद्धतीचा सर्व्हर आधीपासून असतो. नाव-पासवर्ड टाकला की झालं, विंडोजमध्येही वेगळं काही टाकावं लागत नाही. मी असाच वापरतो.

वायरमन

तिसरा मजला, सोपं आहे हे खरं, पण कृपा करून नव्या माणसाला हे सुचवू नका, आणि तुम्हीही बदला. पीपीटीपी नव्वदच्या दशकातलं आहे. त्यात पासवर्ड तपासायची जी पद्धत साधारण वापरली जाते, ती २०१२ मध्ये पुरती मोडून दाखवली गेली: कुणी तुमची जोडणी होतानाची वाहतूक पकडून ठेवली, तर पासवर्ड कितीही लांब असला तरी ती उलगडता येते. ॲपलने २०१६ मध्ये मॅकओएसमधून पीपीटीपी काढून टाकलं, अँड्रॉइड १२ पासून त्याची नवी जोडणी करता येत नाही. हिशेबाच्या फायली ज्यातून जाणार, तिथे हे नको.

एल२टीपी-आयपीसेक ही दुसरी व्हीपीएन पद्धत त्यापेक्षा बरी, पण ५०० आणि ४५०० हे यूडीपी पोर्ट (यूडीपी आणि टीसीपी या माहिती पाठवायच्या दोन रीती), वर सामायिक किल्ली, आणि सर्व्हर राउटरच्या मागे असेल तर विंडोजच्या रजिस्ट्रीत बदल. नवख्याला इथे उगाच दमायला होतं. माझ्या मते आज निवड दोघांतच आहे, ओपनव्हीपीएन किंवा वायरगार्ड.

निळी शाई

ओपनव्हीपीएनबद्दल अनुभवाचं सांगते. ते २००१ पासून आहे, भक्कम आहे, आणि यूडीपी अडवलेलं असेल तर टीसीपी ४४३ वरूनही चालवता येतं. हा गुण मोठा आहे, कारण काही ठिकाणच्या वायफायवर वेबसाइटांपलीकडे काही जाऊच देत नाहीत. पण त्यात प्रमाणपत्रांचा, म्हणजे प्रत्येकाच्या डिजिटल ओळखपत्रांचा, कारभार सांभाळावा लागतो.

मी आमच्या ऑफिसात हौसेने सगळं बसवलं. एकजण सोडून गेला तेव्हा त्याचं प्रमाणपत्र रद्द केलं, रद्द प्रमाणपत्रांची यादी सर्व्हरला दिली आणि विसरून गेले. सहा महिन्यांनी एका सकाळी कुणालाच जोडता येईना. सर्व्हर चालू, इंटरनेट चालू, पासवर्ड बरोबर. अर्धा दिवस गेल्यावर कळलं की त्या रद्द-यादीलाच १८० दिवसांची मुदत होती. ती संपली की सर्व्हर सगळ्यांनाच नाकारतो. ती मुदत मी वाचलीच नव्हती. हे बसवणार असाल तर तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा.

एकट्या माणसासाठी वायरगार्डच बघा असं मीही म्हणेन. तिथे प्रमाणपत्रं नाहीत, फक्त किल्ल्यांच्या जोड्या.

सांजवात

इतक्या लवकर इतकी उत्तरं, मनापासून आभार!

पाहिलं. ऑफिसच्या राउटरवरचा आणि साइटवरचा पत्ता तोच आहे. पण राउटर बंद करून चालू केल्यावर तो बदलला. घरचा लॅपटॉप १९२.१६८.१.७ आणि ऑफिसचा संगणक १९२.१६८.१.२० आहे. काम मुख्यतः हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर, थोड्या फायली. छपाई ऑफिसातच व्हायला हवी.

वायरमन

पत्ता तोच आहे म्हणजे मोठं काम झालं. बदलतो त्यावर डायनॅमिक डीएनएस हा उपाय आहे: राउटर स्वतःचा ताजा पत्ता एका नावाशी जोडून ठेवतो, तुम्ही ते नाव वापरायचं. बहुतेक राउटरमध्ये ही सोय असते.

अडचण आतल्या पत्त्यांची आहे. दोन्हीकडे १९२.१६८.१ च. बोगदा सुरू झाल्यावर तुम्ही '१९२.१६८.१.२० कडे जा' म्हणालात, तर लॅपटॉप म्हणतो, हा पत्ता तर माझ्याच घरातला, आणि तो घरातच शोधत बसतो. बोगद्यात काही शिरतच नाही. 'व्हीपीएन जोडलेलं दाखवतंय पण काहीच उघडत नाही' अशी तक्रार आली की मी सगळ्यात आधी हेच विचारतो. खाजगी पत्त्यांसाठी १०, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ एवढ्या पट्ट्या राखून ठेवल्या आहेत. राउटर बनवणारे मात्र बहुतेक १९२.१६८.० नाहीतर १९२.१६८.१ च घालून देतात, म्हणून ही टक्कर पावलोपावली होते.

ऑफिसची पट्टी बदलून १०.७३.४० सारखी सहसा कुणी न वापरणारी घ्या. घरची बदलून उपयोग नाही, उद्या दुसऱ्या कुणाच्या वायफायवरून काम करायची वेळ आली की पुन्हा तेच.

निळी शाई

तत्त्व मान्य, पण त्यांच्या ऑफिसात प्रिंटरला हाताने दिलेला पत्ता असेल, चार संगणकांवर सॉफ्टवेअरला सर्व्हरचा पत्ता दिलेला असेल. पट्टी बदलली की दुसऱ्या दिवशी सगळं ऑफिस थांबेल आणि बोल यांना लागतील. घरचा राउटर बदलायला दहा मिनिटं लागतात. घरून काम करणारं एकच माणूस असेल तर घरचाच बदलावा.

गणिती

मी तिसरी वाट सुचवतो. सांजवात यांना ऑफिसातला एकच संगणक हवा आहे. मग वायरगार्ड राउटरवर किंवा वेगळ्या यंत्रावर कशाला? थेट त्याच संगणकावर बसवा. बोगद्याला स्वतःची वेगळी पट्टी असतेच, उदाहरणार्थ १०.९९.०. ऑफिसचा संगणक त्यात १०.९९.०.१, लॅपटॉप १०.९९.०.२. तुम्ही घरून १०.९९.०.१ ला बोलवायचं. १९२.१६८.१.२० हा पत्ता घरून वापरायचाच नाही, म्हणजे टक्कर होण्याचा प्रश्नच उरत नाही. दोन्हीकडचं काही बदलू नका. एका यंत्रातून दुसऱ्याकडे वाहतूक पुढे पाठवायची मांडणीही करावी लागत नाही.

प्रिंटर घरून थेट दिसणार नाही. पण रिमोट डेस्कटॉपने ऑफिसच्या संगणकावर बसलात की छपाईची आज्ञा तिथूनच जाते, म्हणजे कागद ऑफिसातच निघणार.

वायरमन

गणिती, हे माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं. यांच्यासाठी हाच मार्ग योग्य आहे. पूर्ण ऑफिस दिसायला हवं असेल तेव्हाच माझं वरचं लागू धरा.

मग पायऱ्या लिहितो. त्याआधी एक अट. ऑफिसच्या मालकांची संमती घ्या, आणि ऑफिसात संगणकविभाग असेल तर त्यांना विचारल्याशिवाय काहीही बसवू नका. गुपचूप काढलेली वाट कितीही सुरक्षित असली तरी ती चूकच.

दोन्ही संगणकांवर वायरगार्ड त्याच्या अधिकृत साइटवरून उतरवून घ्या. 'रिकामा बोगदा जोडा' म्हटलं की ते आपणच किल्ल्यांची जोडी तयार करतं, एक खाजगी आणि एक सार्वजनिक. खाजगी किल्ली त्या यंत्राबाहेर कधीच जाता कामा नये. मेल नाही, चॅट नाही, फोटो नाही. सार्वजनिक किल्ली मात्र बिनधास्त पाठवा, ती त्यासाठीच असते.

ऑफिसच्या संगणकावर: पत्ता १०.९९.०.१/२४, ऐकण्याचा पोर्ट ५१८२०. खाली 'पीअर' (समोरचं यंत्र) म्हणून तुमच्या लॅपटॉपची सार्वजनिक किल्ली आणि 'अलाउड आयपीज' मध्ये १०.९९.०.२/३२.

लॅपटॉपवर: पत्ता १०.९९.०.२/२४. पीअर म्हणून ऑफिसची सार्वजनिक किल्ली, 'एंडपॉइंट' मध्ये डायनॅमिक डीएनएसचं नाव, विसर्गचिन्हासारखे दोन टिंब आणि ५१८२०. 'अलाउड आयपीज' मध्ये १०.९९.०.१/३२.

ही शेवटची ओळ नीट समजून घ्या, कारण चुका इथेच होतात. 'अलाउड आयपीज' म्हणजे या बोगद्यातून कोणत्या पत्त्यांकडे जायचं आणि समोरून कोणत्या पत्त्यांवरून आलेलं स्वीकारायचं, दोन्ही. इथे ०.०.०.०/० लिहिलंत तर तुमची सगळी वाहतूक, घरचे व्हिडिओसुद्धा, ऑफिसकडे जाऊ लागेल. आपल्या मांडणीत तर नुसतं इंटरनेटच बंद पडेल. आपल्याला एकच पत्ता हवा, म्हणून /३२.

मग ऑफिसच्या राउटरवर जाऊन १९२.१६८.१.२० हा पत्ता त्या संगणकासाठी राखून ठेवा, नाहीतर तो कधीतरी बदलेल. बाहेरून येणारा ५१८२० पोर्ट त्या पत्त्याकडे वळवा. संगणकाची झोप बंद करा, झोपलेलं यंत्र उत्तर देत नाही. पोर्ट पुन्हा उघडतोय म्हणून घाबरू नका. वायरगार्ड अनोळखी पाकिटाला (नेटवर्कवरून येणाऱ्या माहितीच्या तुकड्याला) उत्तरच देत नाही, शोधत फिरणाऱ्याला तिथे काही आहे हेसुद्धा कळत नाही.

एक विचारायचं राहिलं. ऑफिसचं विंडोज कोणतं? 'होम' आवृत्तीवर बाहेरून रिमोट डेस्कटॉपने येता येत नाही, 'प्रो' लागतं.

सांजवात

विंडोज प्रोच आहे. मालकांना सगळं समजावून सांगितलं, त्यांनी होकार दिला.

आज ऑफिसात बसून सगळं केलं. लॅपटॉपही सोबत नेला होता. ऑफिसच्या वायफायवर लॅपटॉप जोडून बोगदा सुरू केला. 'सक्रिय' असं हिरवं दिसतं, पण रिमोट डेस्कटॉप लागत नाही. 'लेटेस्ट हँडशेक' अशी ओळ असायला हवी असं वाचलं, ती दिसतच नाही. दोनदा किल्ल्या तपासल्या.

गणिती

दोन गोष्टी. वायरगार्डमध्ये 'सक्रिय' म्हणजे फक्त तुमच्या बाजूने तयारी आहे इतकंच. समोरच्याशी भेट झाली की नाही ते हँडशेकची ओळ सांगते. ती दिसेपर्यंत रिमोट डेस्कटॉपकडे वळूच नका.

दुसरं, ऑफिसच्याच वायफायवरून ऑफिसच्या बाहेरच्या पत्त्याला बोलवणं अनेक राउटरना जमत नाही. आतून निघून दारातून वळून परत आत यायचं, हे ते करत नाहीत. मोबाइलचं हॉटस्पॉट सुरू करा, लॅपटॉप त्यावर जोडा आणि मग बघा. ऑफिसात बसल्या बसल्या 'बाहेरून' तपासणी करायची हीच रीत.

सांजवात

हॉटस्पॉटवरूनही नाही. 'पाठवले' पुढचा आकडा वाढतो, 'मिळाले' शून्यच राहतो.

वायरमन

म्हणजे पाकिटं निघतात, पण पोहोचत नाहीत किंवा उत्तर येत नाही. राउटरवर पोर्ट वळवताना प्रकार काय निवडलात? वायरगार्ड फक्त यूडीपीवर चालतं. बऱ्याच राउटरमध्ये आधीपासून टीसीपी निवडलेलं असतं.

सांजवात

टीसीपीच होतं! बदललं आणि दहा सेकंदांत हँडशेक आला. पण १०.९९.०.१ ला पिंग (समोरचं यंत्र उत्तर देतं का ते बघणारी हाक) केलं तर उत्तर नाही.

वायरमन

हँडशेक आला म्हणजे किल्ल्या, नाव, पोर्ट, राउटर सगळं बरोबर आहे, तिकडे आता हात लावू नका. उरली ऑफिसच्या विंडोजची फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणारं अडवणारी भिंत. बोगद्यातून येणाऱ्याला ती परकं समजते. फायलींच्या देवाणघेवाणीचे आणि पिंगचे नियम पुष्कळदा फक्त 'खाजगी' नेटवर्कपुरते सुरू असतात आणि बोगदा तिच्या लेखी बहुतेकदा 'सार्वजनिक' नेटवर्क असतो. येणाऱ्या नियमांमध्ये पिंग, रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ आणि फायलींचा ४४५ यांना फक्त १०.९९.०.२ कडून परवानगी द्या. पूर्ण फायरवॉल बंद करायचा मोह होईल, तो टाळा.

पाटीपेन्सिल

मध्येच विचारतो, माफ करा. माझ्या ऑफिसच्या राउटरवर १००.७२ ने सुरू होणारा पत्ता दिसतोय आणि साइटवर वेगळाच. हे सगळं मला चालेल का?

गणिती

असं नाही चालणार. १००.६४ ते १००.१२७ ही पट्टी इंटरनेट पुरवणाऱ्यांसाठी २०१२ मध्ये राखून ठेवली आहे. एकच बाहेरचा पत्ता ते अनेक ग्राहकांत वाटतात, त्यामुळे तुमच्या राउटरवर कितीही पोर्ट वळवलेत तरी बाहेरचा माणूस तुमच्यापर्यंत पोहोचत नाही. पुरवठादाराकडे स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मागा. नसेल मिळत तर टेलस्केल किंवा झीरोटियर या सेवा बघा. त्यात दोन्ही यंत्रं आतून बाहेर जोडणी करतात आणि वाटेत एकमेकांना गाठतात, पोर्ट उघडावा लागत नाही. टेलस्केल आतून वायरगार्डच वापरतं. मात्र कोणतं यंत्र कुणाला भेटेल हा हिशेब त्यांच्या सर्व्हरवर असतो, तेव्हा त्या खात्याला दुहेरी पडताळणी लावाच.

सांजवात

जमलं! पिंग लागलं, रिमोट डेस्कटॉप लागला, सामायिक फोल्डरही उघडलं. गेले चार दिवस घरूनच काम करतेय, आईच्या शेजारी बसून. तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही.

एक शंका. हिशेबाचं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर टाकून बोगद्यातून फोल्डरमधली फाइल उघडली, तर खातेवही यायला दोन-तीन मिनिटं लागतात. रिमोट डेस्कटॉपमधून तेच झटकन येतं. असं का? माझं इंटरनेट तर वेगवान आहे.

वायरमन

लॅपटॉपवरून उघडणं आजपासून बंद करा, हे आग्रहाने सांगतो.

कारण वेगाचं नाही, फेऱ्यांचं आहे. असलं सॉफ्टवेअर फाइल एकदम आणत नाही. एक तुकडा मागतं, तो आला की पुढचा. समजा एक खातेवही उघडायला ३००० फेऱ्या लागतात. ऑफिसच्या आत एक फेरी १ मिलिसेकंदाची, म्हणजे ३ सेकंद. घरून तीच फेरी ४० मिलिसेकंदांची धरली तर १२० सेकंद. इंटरनेट दुप्पट वेगाचं घेतलंत तरी फेरीचा वेळ फारसा घटत नाही. रिमोट डेस्कटॉपमध्ये त्या सगळ्या फेऱ्या ऑफिसातच होतात आणि तुमच्याकडे फक्त पडद्याचं चित्र येतं.

आणि वेळेपेक्षा मोठी काळजी वेगळी. लिहिण्याच्या मध्ये जोडणी तुटली तर हिशेबाची मूळ फाइल अर्धवट लिहिलेली राहून बिघडू शकते. फोल्डरमधून साधे कागद, तक्ते आणायला हरकत नाही. मोठ्या फायली आणताना ऑफिसच्या अपलोडचा वेग आडवा येतो, तुमचं डाउनलोड कितीही असो.

पाटीपेन्सिल

मला सार्वजनिक पत्ता मिळाला, बोगदाही झाला. पण छोट्या फायली येतात, मोठी घेतली की अडकून बसते. पिंग व्यवस्थित लागतं.

गणिती

पाकिटाचा आकार. वायरगार्ड स्वतःचं वेष्टन चढवतं, म्हणून १५०० बाइटांऐवजी १४२० धरून चालतं. तुमची इंटरनेट जोडणी पीपीपीओई (राउटरमध्ये नाव-पासवर्ड घालून चालणारी) असेल तर मूळचे १५०० नसून १४९२ च असतात. काही जोडण्यांवर अजून कमी. दोन्हीकडे एमटीयू (पाकिटाचा कमाल आकार) १४१२ करून बघा, नाही जमलं तर थेट १२८०.

पाटीपेन्सिल

१४१२ वर सुरळीत झालं. धन्यवाद!

सांजवात

समजलं वायरमन, आता फक्त रिमोट डेस्कटॉपच. दोन गोष्टी विचारून थांबते. काल दुपारी जोडणी आपोआप तुटली, बोगदा बंद करून पुन्हा सुरू केल्यावर लागली. आणि आमच्या इथल्या आणखी एकीला घरून काम करायचंय. तिला माझीच मांडणी कॉपी करून देऊ का?

वायरमन

बहुतेक ऑफिसचा बाहेरचा पत्ता बदलला असणार. वायरगार्ड नावावरून पत्ता बोगदा सुरू होताना एकदाच विचारतं आणि तोच धरून बसतं. बंद-चालू केलंत तेच बरोबर.

मांडणी कॉपी करून देऊ नका. एकच किल्ली दोन लॅपटॉपवर असली की ऑफिसचा संगणक शेवटचं पाकीट ज्याच्याकडून आलं त्यालाच उत्तर देतो, दोघी आळीपाळीने तुटत राहाल. तिच्या लॅपटॉपवर नवी जोडी तयार करा, तिला १०.९९.०.३ द्या, ऑफिसच्या बाजूला दुसरा पीअर जोडा आणि फायरवॉलच्या नियमातही तो पत्ता घाला. उद्या तिचा लॅपटॉप हरवला तर तेवढा एक पीअर काढून टाकला की झालं, तुमचं काम सुरू राहील. फक्त रिमोट डेस्कटॉपने साध्या विंडोजवर एका वेळी एकच जण बसू शकतो. ती आली की तुमचं सत्र तुटेल. तिला तिचा स्वतःचा ऑफिसचा संगणक असेल तर वायरगार्ड त्यावर वेगळं बसवा, पोर्ट ५१८२१ घ्या आणि राउटरवर तो त्या संगणकाकडे वळवा. तिच्या बोगद्याची पट्टीही मग वेगळीच ठेवा, १०.९८.०.

सांजवात

तिचा संगणक वेगळाच आहे. शनिवारी दुपारी दोघी मिळून बसवतो. या वेळी आधी यूडीपी बघेन.